टर्मिनलवरून मेल सर्व्हर सांभाळताना: रांग, लॉग आणि मराठी मेल शोधण्याचा पेच

कन्हान

नागपूर आणि आसपासच्या छोट्या संस्थांचे मेल सर्व्हर सांभाळणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतोय. कुणाकडे शाळा आहे, कुणाकडे पतसंस्था. माझ्याकडे एक वाचनालय आणि काटोलकडची एक शेतकरी उत्पादक कंपनी. सर्व्हर भाड्याचा, मुंबईच्या डेटा सेंटरमधला. त्याला पडदा नाही, माउस नाही. एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे शिरायच्या सोयीने, आत शिरायचं आणि जे काय करायचं ते काळ्या खिडकीत. उबुंटू, मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स आणि पेट्या सांभाळणारा डव्हकॉट, म्हणजे बहुतेकांचं असतं तेच.

सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी करून सांगतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. ‘सर्व्हरवरचा मेल’ म्हणजे दोन निरनिराळ्या जागा. एक पोस्टफिक्सची रांग: अजून वाटेत असलेला, बाहेर जायचा किंवा आत यायचा मेल. ती व्हार-स्पूल-पोस्टफिक्स या डिरेक्टरीत असते. दुसरी जागा म्हणजे लोकांच्या पेट्या: पोचलेला, वाचलेला, साठलेला मेल. तो डव्हकॉटच्या ताब्यात. रांगेची हत्यारं पेटीला चालत नाहीत आणि पेटीची रांगेला नाहीत. ‘मेल अडकलाय’ असा फोन आला की आधी विचारायचं, पाठवलेला पोचत नाही की आलेला दिसत नाही?

आदेश आपण बोलतो तसे देवनागरीत लिहितोय, टंकताना अर्थातच रोमनमध्ये. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगेन, कारण तिथे चूक महागात पडते.

रांग बघायला ‘मेलक्यू’. तोच आदेश ‘पोस्टक्यू -पी’. प्रत्येक मेलचा एक आयडी दिसतो. आयडीपुढे तारा असेल तर तो मेल या घडीला पाठवला जातोय, उद्गारचिन्ह असेल तर कुणीतरी रोखून ठेवलाय. काहीच नसेल तर बहुधा तो ‘डिफर्ड’ आहे, म्हणजे एकदा प्रयत्न झाला, जमलं नाही, पुन्हा होईल. त्याखाली कंसात कारण लिहिलेलं असतं. ते कारण वाचा. मी हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण लोक आयडी बघतात, संख्या बघतात आणि कारणाच्या ओळीवरून नजर घसरते. उत्तर त्याच ओळीत असतं. चारने सुरू होणारा कोड म्हणजे ‘सध्या नाही, नंतर या’. पाचने सुरू होणारा म्हणजे ‘येऊच नका’, आणि तो मेल रांगेत राहत नाही, पाठवणाऱ्याकडे परत येतो.

मेलच्या आत काय आहे ते बघायला ‘पोस्टकॅट -क्यू’ आणि पुढे आयडी. नुसती शीर्षकं हवी असतील तर ‘पोस्टकॅट -एचक्यू’. लोकांचा खासगी मजकूर आपल्यासमोर उघडतोय हे लक्षात ठेवून शक्यतो शीर्षकांवरच थांबावं. एका मेलचा पूर्ण प्रवास बघायचा तर तो आयडी घेऊन मेल-डॉट-लॉगमध्ये ग्रेप करा, म्हणजे शोधा. डेबियनच्या नव्या आवृत्तीत ही फाइल सापडली नाही तर घाबरू नका, ‘जर्नलसीटीएल’मध्ये तेच सगळं असतं. शेवटच्या ओळीत ‘स्टेटस’पुढे सेंट, डिफर्ड किंवा बाउन्स्ड लिहिलेलं असतं. ‘सेंट’ असेल तर समोरच्या सर्व्हरने मेल स्वीकारला. पुढे त्याने तो स्पॅममध्ये टाकला तरी आपला लॉग सेंटच म्हणणार.

खोडणं मुद्दाम शेवटी सांगतोय. ‘पोस्टसुपर -डी’ आणि आयडी, यात डी लहान. आयडीच्या जागी मोठ्या अक्षरांत ‘ऑल’ लिहिलं की अख्खी रांग साफ होते, आणि विचारणा करणारा एकही प्रश्न येत नाही. पतसंस्थेच्या ठेवीदारांना निघालेल्या सूचना त्यात असल्या तर त्याही गेल्या. म्हणून माझा क्रम पक्का आहे: रांग, मग कारण, मग लॉग, आणि मगच पोस्टसुपर.

तुम्ही कसं करता ते लिहा.

बर्डीकर

कन्हान भाऊ, चांगला धागा. माझी अडचण सांगतो. आमच्या क्लासेसच्या सर्व्हरवरून पालकांना निकालाचे मेल पाठवले. रांगेत शेकड्यानं अडकून पडले. ‘पोस्टक्यू -एफ’, म्हणजे अख्खी रांग पुन्हा पाठवायचा फ्लश, मारून मारून थकलो, पण मेल काही जाऊन नाही राह्यले. जितकं फ्लश मारतो तितकं अजून हळू होऊन राह्यलं असं वाटते. सर्व्हर रीस्टार्ट पण करून पाह्यला. आता सांगा कायले अडलं असंन?

कन्हान

बर्डीकर भाऊ, कारणाची ओळ इथे टाका. पत्ते काढून टाका, तो पालकांचा तपशील आहे.

फ्लश थांबवा. पोस्टफिक्स स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. मूळ सेटिंगमध्ये पहिली थांबण्याची वेळ ३०० सेकंद, मग ती वाढत वाढत ४००० सेकंदांपर्यंत जाते, आणि असे प्रयत्न पाच दिवस चालतात. त्यानंतर मेल पाठवणाऱ्याकडे परत. ही वाढती वेळ मुद्दाम ठेवलेली आहे. तुम्ही एफ मारता तेव्हा न जाणारे सगळे मेल एकदम पुढे येऊन उभे राहतात आणि जाऊ शकणारे मागे पडतात. वर समोरच्या सर्व्हरला दिसतं की हा माणूस सारखं दार वाजवतोय, म्हणून तो अजून आखडतो. एकच मेल तातडीचा असेल तर ‘पोस्टक्यू -आय’ आणि त्याचा आयडी, तेवढ्यापुरतं ठीक.

बर्डीकर

हे घ्या. बहुतेक सगळ्या ओळीत ४२१ आणि ४.७.० हाय, जीमेलकडून. काहींचे मेल परत पण आले, त्यात ५५० आणि ५.७.२६ लिहिलं हाय.

कन्हान

मग चित्र स्पष्ट आहे. ५.७.२६ म्हणजे ‘तू म्हणतोस तो तूच आहेस याचा पुरावा नाही’. तुमच्या डोमेनचा एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची डीएनएसमधली, म्हणजे डोमेनच्या नोंदींतली, ओळ) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) जुळत नाहीये. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू दोघांनीही नियम कडक केले. दिवसाला ५००० मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (ते जुळले नाहीत तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही लागतात, पण छोट्यांनाही निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतोच. शिवाय आयपीवरून, म्हणजे सर्व्हरच्या अंकी पत्त्यावरून, उलट शोधलं तर नाव मिळायला हवं आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी.

तिथूनच तपासा. ‘डिग’ (डीएनएसच्या नोंदी विचारणारा आदेश), पुढे ‘टीएक्सटी’ आणि तुमचं डोमेन: ‘व्ही बरोबर एसपीएफ१’ने सुरू होणारी एकच ओळ यायला हवी. दोन आल्या तर तेही चूक, समोरचा दोन्ही नाकारतो. जुना होस्टिंगवाला आणि नवा होस्टिंगवाला अशा दोघांच्या ओळी राहून गेलेल्या खूप ठिकाणी दिसतात. मग ‘डिग -एक्स’ आणि सर्व्हरचा आयपी. ते नाव तुम्हाला डीएनएसमध्ये बदलता येत नाही, सर्व्हर ज्याच्याकडून भाड्याने घेतला त्याच्या पॅनेलमध्ये बदलावं लागतं.

४२१ हा वेगाचा आणि तुमच्या आयपीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न. ओळख नीट झाली की तो बराचसा आपोआप सुटतो. तोवर रांगेला हात लावू नका, पाच दिवस आहेत तुमच्याकडे.

बर्डीकर

दोन ओळी आल्या भाऊ! जुन्या होस्टिंगवाल्याची ओळ तशीच राहून गेली होती. काढली. आता सबुरीनं घेतो.

वैनगंगा

कन्हान भाऊंनी रांगेचं सांगितलं, मी पेट्यांचं सांगते. भंडाऱ्याकडच्या एका शिक्षण संस्थेचा सर्व्हर माझ्याकडे आहे आणि तिथे रोजचं दुखणं एकच: जागा. कार्यालयाच्या पेटीत स्कॅन केलेल्या पीडीएफ. एकेक दाखला मोठ्या आकाराचा, रंगीत, आणि तोच दाखला ‘प्रति माहितीस्तव’ म्हणून चार जणांना.

एसएसएचने आत जाऊन मी मट वापरते, टर्मिनलमध्ये मेल वाचायचं साधन. मायकल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये लिहिलेला कार्यक्रम, आणि आजही कमी बँडविड्थला त्याच्यासारखं काही नाही. कारण मेल तिथेच राहतो, आपल्याकडे फक्त पडद्यावरची अक्षरं येतात. दहा एमबीची अटॅचमेंट असलेला मेल तुम्ही तुमसरहून मोबाइलच्या एका दांडीवर चाळू शकता.

दुसऱ्याची पेटी बघायची असेल तर ‘मट -आर -एफ’ आणि पेटीची वाट. इथला आर मोठा. या मोठ्या आरने पेटी नुसती वाचण्यापुरती उघडते, काही बदलत नाही, ‘वाचलेला’ अशी खूणही पडत नाही. आत गेल्यावर ‘एल’ दाबून ‘टिल्ड झेड, पेक्षा जास्त, ५एम’ लिहिलं की पाच एमबीपेक्षा मोठे मेलच समोर राहतात. बघून झालं की त्या विभागाच्या लिपिकाला विचारायचं, काय काढू? हे विचारणं मी कधी टाळत नाही. शाळेच्या मान्यतेचं पत्र आकाराने मोठं म्हणून अनावश्यक ठरत नाही.

मग मट साध्या रीतीने उघडून मोठा ‘टी’ दाबून नमुन्याने खुणा करायच्या आणि अर्धविराम व ‘एस’ने सगळे एकदम जुन्या वर्षाच्या पेटीत हलवायचे. मटची मला आवडणारी बाब अशी की डॉलरचं चिन्ह दाबेपर्यंत किंवा ‘क्यू’ने बाहेर पडेपर्यंत प्रत्यक्षात काहीच खोडलं जात नाही. मध्येच शंका आली तर लहान ‘एक्स’, पेटी होती तशी.

पेट्या पुष्कळ असतील तर मट पुरत नाही, तिथे डव्हॲडम, म्हणजे डव्हकॉटचा व्यवस्थापनाचा आदेश. ‘डव्हॲडम सर्च -यू’, वापरकर्त्याचं नाव, ‘मेलबॉक्स इनबॉक्स’, ‘लार्जर ५एम’, ‘बिफोर’ आणि तारीख. यादी येते. यादी तपासायची. पटली तर ‘सर्च’च्या जागी ‘मूव्ह’ आणि जिथे हलवायचं त्या पेटीचं नाव. खरंच कायमचं काढायचं असेल तरच ‘एक्स्पंज’. एक्स्पंज कचरापेटीत टाकत नाही, थेट नष्ट करतो.

इथे तारखांची एक बारीक गोष्ट आहे. ‘बिफोर’ म्हणजे सर्व्हरकडे मेल आल्याची तारीख. ‘सेंटबिफोर’ म्हणजे पाठवणाऱ्याने मेलवर घातलेली तारीख. ‘सेव्हडबिफोर’ म्हणजे त्या पेटीत मेल ठेवला गेला ती तारीख. कचरापेटी साफ करायला सेव्हडबिफोर योग्य, नाहीतर काल चुकून खोडलेलं पाच वर्षांपूर्वीचं पत्र आज रात्रीच गायब. पण गेल्या महिन्यात सर्व्हर बदलला असेल तर सेव्हडबिफोरच्या दृष्टीने सगळाच मेल महिनाभराचा.

सोनेगाव

सगळं वाचलं. तरी मला प्रामाणिकपणे विचारायचं आहे, ही यातायात हवी कशाला? आयपीची पत, डीकेआयएम, स्पॅम, जागा, बॅकअप. एखाद्या वाचनालयाने महिन्याचे पैसे भरून तयार मेलसेवा घ्यावी आणि मोकळं व्हावं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, कूलर चालू ठेवायची मारामार असते, त्यात रात्री दोन वाजता रांग कोण बघणार? सांभाळणारा माणूस गाव सोडून पुण्याला गेला की संस्थेचा मेल पोरका होतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कन्हान

सोनेगाव दादा, तुमचं शेवटचं वाक्य अगदी खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: वही. कुठली सेटिंग का बदलली ते लिहून ठेवणं. ‘पोस्टकॉन्फ -एन’चा निकाल, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये आपण स्वतः लिहिलेल्या तेवढ्याच सेटिंग, मी दर बदलानंतर छापून वाचनालयाच्या फाइलला लावतो. नवा माणूस आला तर त्याला दोन पानांत सगळं कळतं.

पैशांचं म्हणाल तर तयार सेवा दर माणशी, दर महिना पैसे घेते. शेतकरी कंपनीच्या प्रत्येक गटाला एक पत्ता दिला तर तो खर्च त्यांना जड आहे. आणि दहा वर्षांचा पत्रव्यवहार आपल्या हातात असावा, असं त्यांच्या संचालकांना मनापासून वाटतं. ते मला पटतं. ज्यांच्याकडे माणूस नाही त्यांनी मात्र तयार सेवाच घ्यावी, यात दुमत नाही.

सोनेगाव

वहीचं पटलं. मग माझ्याकडूनही एक उपयोगाची गोष्ट. ‘लॉगिन होत नाही’ असा फोन आला की आउटलुक, मोबाइल वगैरे बाजूला ठेवून थेट दार तपासा. ‘ओपनएसएसएल एस-क्लायंट -कनेक्ट’, सर्व्हरचं नाव आणि ९९३, म्हणजे मेल वाचायचा पोर्ट. प्रमाणपत्राची मुदत तिथेच दिसते, आणि बरेचदा दुखणं तेच असतं. ५८७, म्हणजे मेल पाठवायचा पोर्ट, तपासताना ‘-स्टार्टटीएलएस एसएमटीपी’ जोडा.

मात्र या खिडकीत एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याच्या भाषेतले, आदेश हाताने देताना ‘आरसीपीटी टू’ (मेल कुणाला ते सांगणारी ओळ) लहान अक्षरांत लिहा. मोठ्या आरने सुरू होणारी ओळ दिसली की एस-क्लायंट ती सर्व्हरला पाठवण्याऐवजी जोडणीची बोलणी नव्याने सुरू करतो आणि मोठा क्यू दिसला की बंद होतो. सर्व्हर बिघडलाय असं समजून लोक तासभर शोधत बसतात. एसएमटीपीला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, त्यामुळे लहानच लिहावं.

फुटाळा

रांगेत अचानक हजारो मेल दिसले तर काय करायचं हे अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. एखाद्याचा पासवर्ड फुटला की हेच होतं. घाईत ऑलने खोडू नका, त्यात खऱ्या लोकांचे मेल असतात आणि पुरावाही असतो.

आधी ‘पोस्टसुपर -एच’ (लहान एच) आणि ऑल. सगळं रोखलं गेलं, काहीच नष्ट नाही झालं. नवे येतच राहतील, म्हणून लगेच लॉगमध्ये ‘एसएएसएल-युजरनेम’, म्हणजे लॉगिन केलेल्याचं नाव, शोधा आणि कोणतं नाव किती वेळा आलंय ते ‘सॉर्ट’ आणि ‘युनिक -सी’ने मोजा. एक नाव बाकीच्यांच्या कितीतरी वर दिसेल. त्याचा पासवर्ड बदला आणि त्याच्या उघड्या जोडण्या तोडा. मग ‘पोस्टक्यू -जे’: पोस्टफिक्स ३.१ पासून हा आदेश रांग जेसॉनमध्ये, म्हणजे यंत्राला सहज वाचता येईल अशा रूपात, देतो, त्यातून त्या एका पाठवणाऱ्याचे आयडी गाळून ‘पोस्टसुपर -डी’ला द्या. डीनंतर नुसती आडवी रेघ दिली की तो आयडी पाइपमधून, म्हणजे आधीच्या आदेशाच्या निकालातून, घेतो. उरलेले ‘पोस्टसुपर -एच’, या वेळी मोठा एच, म्हणजे सोडून द्या.

रोखून मग खोडण्याचा अजून एक फायदा आहे. पोस्टफिक्सचे जुन्या पद्धतीचे छोटे आयडी पुन्हा वापरले जातात. चालू रांगेत तुम्ही यादी करून खोडेपर्यंत तोच आयडी दुसऱ्याच मेलला मिळाल्याची थोडी शक्यता असते. रोखलेला मेल जागचा हलत नाही. आवृत्ती २.९ पासून लांब आयडीची सोय आहे, ती चालू करून ठेवा.

मिहान

नवीन आहे, ताई-दादा सांभाळून घ्या. आमच्याकडे मेलडिर आहे, म्हणजे प्रत्येक मेलची वेगळी फाइल. मला ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द असलेले जुने मेल काढायचे आहेत, पीक विम्याच्या पत्रांसाठी. सरळ डिरेक्टरीत ग्रेप केलं तर एकही मेल येत नाही. मेल आहेत हे नक्की, वेबमेलमध्ये डोळ्यांनी दिसतात. इंग्रजी शब्द मात्र ग्रेपला सापडतात.

वैनगंगा

मिहान, ग्रेपला ते दिसणारच नाही. ई-मेल मुळात सात बिटांच्या रोमन अक्षरांसाठी बनला. मराठी मजकूर त्यातून नेताना त्याचं रूप बदलतात, बहुधा बेस-६४मध्ये. एखादी फाइल ‘लेस’ने उघडून बघ: विषयाच्या ओळीत बरोबर, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८, प्रश्नचिन्ह, बी, प्रश्नचिन्ह आणि पुढे रोमन अक्षरांची गिचमिड दिसेल. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं आणि त्यांची सुरुवात ठरलेली, म्हणून मराठीने सुरू होणारी गिचमिड नेहमी ‘चार-के-एस’ किंवा ‘चार-के-डब्ल्यू’नेच सुरू होते. एवढ्यावरून मराठी विषयाचे मेल निवडता येतात, पण शब्द नाही शोधता येत.

शब्द शोधायला उलगडून वाचणारं हत्यार हवं. डव्हॲडम सर्च उलगडतो: ‘सब्जेक्ट’ किंवा ‘बॉडी’ लिहून पुढे अवतरणात मराठी शब्द. मटमध्ये ‘टिल्ड एस’ आणि शब्द. त्याआधी सर्व्हरवर ‘लोकेल’ आदेश देऊन यूटीएफ-८ आहे ना ते बघ, नाहीतर मराठी नीट टंकताच येणार नाही.

मिहान

ताई, सापडले! पण सगळे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेले सापडतात, एका तालुक्याहून आलेले येत नाहीत. शब्द अगदी तोच आहे, मी दोन्ही शेजारी ठेवून बघितले.

कन्हान

दिसायला तोच, आत वेगळा. ‘ऱ्य’मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसरा, साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक आणि य. कुठला कीबोर्ड वापरला यावर ते ठरतं. पडद्यावर दोन्ही सारखे उमटतात, शोधणाऱ्याला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. विदर्भातल्या पत्रव्यवहारात ‘शेतकऱ्यांना’, ‘दुसऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांचे’ हे शब्द पानोपानी येतात, त्यामुळे हा पेच आपल्याला सारखा पडतो.

पूर्ण शब्द टंकू नकोस. नुसतं ‘शेतक’ शोध. कर्मचाऱ्यांसाठी ‘कर्मचा’.

मिहान

‘शेतक’ने तालुक्याचेही सगळे आले. पीक विम्याची पत्रं वेगळ्या पेटीत हलवली, आधी सर्च, यादी तपासली, मग मूव्ह. आता फक्त सर्वांत जुने काही राहिलेत. त्यांत मराठी कुठेच नाही, नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. गिचमिडीची सुरुवातही चार-के-एसने होत नाही.

वैनगंगा

ते युनिकोडच्या आधीच्या फाँटमधले असणार, श्रीलिपी किंवा कृतीदेव. त्यांत साठवलेलंच रोमन असतं, फाँट ते मराठीसारखं दाखवतो. तिथे ग्रेप चालेल, पण ‘शेतकरी’ त्या फाँटमध्ये कुठल्या कळांनी उमटतो तीच अक्षरं शोधावी लागतील. एका मेलमध्ये तो शब्द डोळ्यांनी ओळख आणि तिथली अक्षरं जशीच्या तशी उचल. अवतरणात घाल आणि ‘ग्रेप -एफ’ने शोध, एफ मोठा, म्हणजे मधल्या चिन्हांना ग्रेप वेगळा अर्थ लावणार नाही. त्या मेलच्या अटॅचमेंटमध्ये वर्डच्या फाइली असतील तर त्या ग्रेपला दिसणार नाहीत, त्या उतरवूनच बघाव्या लागतील.